कुरूप काढलं तरी पुन्हा का येतं?

डॉक्टर, मी ४८ वर्षांची आहे. शिक्षिका आहे, त्यामुळे रोज पाच-सहा तास उभी असते. उजव्या पायाच्या करंगळीवर आणि त्याच पायाच्या तळव्याला, चवड्याखाली, अशी दोन कुरुपं झाली आहेत. करंगळीवरचं कॉर्न कॅप (कुरुपावर लावायची चिकटपट्टी) लावून दोनदा काढलं, पण दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा हजर. तळव्याचं एकदा ब्लेडने कापायला गेले तर रक्त आलं आणि आठवडाभर लंगडत होते. सगळे म्हणतात, मूळ आत राहिलं म्हणून परत येतं, ऑपरेशन करून मुळासकट काढून टाक. खरंच ऑपरेशन करावं का? आणखी एक. माझ्या आईला, वय ७४, अंगठ्याच्या मागे तळव्यावर असंच कडक झालं आहे. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दुखत मात्र अजिबात नाही. माझ्याकडे कॉर्न कॅप उरल्या आहेत, तिला लावल्या तर चालतील का?
— एक वाचक

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. ती कॉर्न कॅप आईंना लावू नका. एकही नाही, एका रात्रीपुरतीही नाही. पाकीट घरात त्यांच्या हाताला लागेल अशा जागी असेल तर आधी ते उचलून ठेवा. आईंना दुखत नाही, हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलं असावं. मी मात्र त्याच वाक्यापाशी थांबले. का ते पुढे सविस्तर लिहिते, पण त्याआधी कुरूप म्हणजे काय हे समजून घेऊ. ते कळलं की तुमचे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, तेच केराटिन या पेशींत भरलेलं असतं. खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या झडून जातात, असं अखंड चालू असतं. एखाद्या जागी रोज दाब पडला, रोज घासलं गेलं, की कातडी स्वतःला वाचवायला तिथे जास्त पेशी तयार करते आणि त्या लवकर झडतही नाहीत. थर साचत जातो. दाब मोठ्या जागेवर पसरलेला असेल तर पसरट, पिवळसर, जाड कातडी होते. त्याला आपण घट्टा म्हणतो. घट्टा बहुतेक वेळा दुखत नाही. पण दाब एका लहानशा बिंदूवर, खालच्या हाडाच्या टोकावर एकवटला, तर साचलेला थर आत दाबला जातो आणि त्याचा निमुळता, कडक खडा बनतो. ते कुरूप.

कुरुपाला भोवरीही म्हणतात आणि तो शब्द मला फार चपखल वाटतो. भोवरा डोळ्यांसमोर आणा. वर रुंद, खाली निमुळता आणि टोकाला आर. कुरुपाची रुंद बाजू आपल्याला वरून दिसते आणि आर आत असते. पाऊल टेकलं की ती आर खालच्या जिवंत कातडीवर आणि तिथल्या नसांवर टोचते. म्हणूनच ज्वारीच्या दाण्याएवढं कुरूपसुद्धा माणसाची चाल बदलून टाकतं.

आता या आरेलाच लोक मूळ समजतात. पण ते मूळ नव्हे. झाडाचं मूळ जिवंत असतं, त्यातून पुन्हा फूट येते. कुरुपाचा खडा हा कातडीच्या वरच्या थरातच बनलेला मेलेला पदार्थ आहे. त्याला रक्तवाहिनी नाही, नस नाही, त्यातून काही उगवत नाही. तुमचं कुरूप परत येतं कारण ते ज्या दाबामुळे झालं तो दाब जागेवरच आहे. दोनदा कुरूप गेलं, पण चप्पल-बूट तेच राहिले, उभं राहणं तेच राहिलं, करंगळीचं वाकडेपण तेच राहिलं. मग कातडीने पुन्हा तिचं काम केलं. तिचा यात काही दोष नाही.

ब्लेडने कापताना रक्त आलं, त्याचाही अर्थ इथेच आहे. मेलेल्या थरातून रक्त येत नाही. रक्त आलं म्हणजे तुम्ही कुरूप ओलांडून जिवंत कातडीत गेला होतात. स्वतःच्या तळव्यावर, वाकून, अंदाजाने ब्लेड चालवताना हा फरक कळणं अशक्य आहे. तिथून जंतू आत शिरले असते तर आठवडाभराच्या लंगडण्यावर भागलं नसतं. पुन्हा हे करू नका. दाढीचं ब्लेड, नेलकटर, कात्री, सुई, काहीच नको.

तळव्यावरच्या गाठीबद्दल मात्र आधी एक खात्री करून घ्या, कारण तळव्यावर चामखीळही होते आणि ती बऱ्याचदा कुरूप म्हणून वर्षानुवर्षं घासली जाते. चामखीळ विषाणूमुळे होते, कुरुपाशी तिचा संबंध नाही. घरी अंदाज घेता येतो. गाठीवर अंगठ्याने सरळ खाली दाबा. मग तीच गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबा. सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर कुरुपाची शक्यता जास्त, चिमटीत धरल्यावर कळ आली तर चामखिळीची. चामखिळीत अनेकदा बारीक काळे ठिपके दिसतात. त्या आत गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. शिवाय तळव्यावरच्या बोटांच्या ठशांसारख्या रेषा चामखिळीपाशी येऊन तुटतात, तिला वळसा घालून जातात. लहान मुलाच्या तळव्यावर अशी गाठ दिसली तर ती कुरूप असण्यापेक्षा चामखीळ असण्याचाच संभव अधिक. शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते वरचा थर जरासा खरवडून लगेच सांगू शकतात. तोवर ज्या दगडाने तुम्ही पाय घासता तो घरात दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नका.

बोटांच्या बेचकीत होणारं कुरूप आणखी फसवं असतं. तिथे घाम असल्यामुळे ते कडक न होता पांढरट, ओलसर, मऊ राहतं आणि चिखल्या झाल्या आहेत असं समजून लोक महिनोन्‌महिने बुरशीचं मलम लावत बसतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या मध्ये, एकाच ठिकाणी, बोटं एकमेकांवर दाबली की दुखणारा पांढरा ठिपका असेल तर ते मऊ कुरूप असू शकतं. तुम्हाला ते नाही, पण करंगळीवर कुरूप असणाऱ्यांना पुढे तिथेही होताना मी पाहते, म्हणून लिहिलं.

आता तुमच्या पायांकडे येते. करंगळीवरचं कुरूप हे जवळजवळ नेहमी पादत्राणाचं देणं असतं. आज संध्याकाळी एक काम करा. दिवसभराच्या उभं राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून संध्याकाळच. एक कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर अनवाणी, पूर्ण वजन टाकून उभ्या राहा आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिलने पावलाची बाह्यरेषा काढून घ्या. बसून काढू नका. वजन पडल्यावर पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरतं आणि आपल्याला तेच माप हवं आहे. मग शाळेत घालता ते बूट किंवा चपला त्या रेषेवर ठेवा. पुढच्या बाजूला कागदावरची रेषा तळाच्या बाहेर डोकावत असेल, तर तेवढं पाऊल तुम्ही रोज पाच-सहा तास आत कोंबता आहात. मी हा कागद अनेकांना काढायला लावते. ‘माझं माप हेच आहे, वीस वर्षं हेच घेते’ असं सांगणारी माणसंही तो कागद पाहून गप्प होतात. वयाबरोबर पावलाचे बंध सैलावतात, पाऊल थोडं लांब-रुंद होतं. कॉलेजात असतानाचं माप ४८ व्या वर्षी लागू पडेलच असं नाही.

नवं पादत्राण घेताना दोन्ही पायांची मापं घ्या आणि मोठ्या पायाचं धरा. सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण सव्वा सेंटिमीटर जागा हवी. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असतं असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं. पण तुमच्या बाबतीत लांबीपेक्षा पुढच्या भागाची रुंदी आणि उंची महत्त्वाची आहे. आत बोटं हलवता आली पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. बुटात हात घालून आतून चाचपा. करंगळीच्या जागी शिवण किंवा जाड जोड येत असेल तर तो बूट कितीही महागाचा आणि मऊ चामड्याचा असला तरी तुमच्यासाठी नाही. ‘घालून घालून सैल होईल’ या आशेवर पादत्राण विकत घेऊ नये. सैल होईपर्यंतच्या काळात कुरूप तयार होतं. जुनं पादत्राणही असंच तपासा. आतल्या तळाला बोटांनी पडलेले खोल खड्डे असतील आणि तळ एका बाजूला झिजला असेल तर त्याची रजा करा.

मागे पट्टा नसलेल्या चपलांबद्दलही सांगते, कारण कुरूप झालं की लोक बूट सोडून त्या घालतात आणि त्यांना वाटतं पायाला आराम दिला. चप्पल पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं तिला धरून ठेवतात. बोटं आकसून वाकतात, वाकलेल्या बोटाचा सांधा वर येतो आणि चवड्याखालची हाडं खाली दाबली जातात. थोडा वेळ घालायला हरकत नाही. पाच-सहा तास उभं राहायला मात्र मागून धरणारं, पायाच्या वरच्या बाजूला पट्टा किंवा नाडी असलेलं, पुढे रुंद आणि तळाला पुरेशी जाड गादी असलेलं पादत्राण घ्या.

तळव्यावरच्या कुरुपाला ही गादी विशेष लागते. चवड्याखाली पाच लांब हाडांची टोकं येतात आणि त्यांच्याखाली निसर्गाने चरबीची एक उशी दिलेली असते. वय वाढतं तशी ती उशी पातळ होते आणि पुढे सरकते. मग हाडाचं टोक आणि जमीन यांच्यात फारसं काही उरत नाही. उंच टाचेने शरीराचं वजन याच टोकांवर ढकललं जातं, आणि पातळ सपाट चपलेनेही त्यांना काही आधार मिळत नाही. टाच अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा उंच नको. कुरुपावर थेट गादी चिकटवू नका, त्याने तो बिंदू आणखी दाबला जातो. गादी कुरुपाच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला बसवायची असते, म्हणजे हाडांची टोकं थोडी उचलली जातात आणि भार वाटला जातो. नेमकी जागा एकदा पोडियाट्रिस्टकडून, म्हणजे पायाच्या तज्ज्ञाकडून, किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडून समजून घेतली तर उत्तम. दोन-चार मिलिमीटरचाही फरक पडतो.

करंगळीसाठी सिलिकॉनची नळी किंवा मधोमध भोक असलेली फेल्टची चकती मिळते. ती चांगली, पण आधीच घट्ट असलेल्या बुटात घालू नका. जागा तेवढीच आणि वर चकतीची जाडी, म्हणजे दाब वाढलाच. आधी जागा करा, मग चकती घाला. मला वाटतं, या एका गोष्टीमुळेच कित्येकांचे पॅड फुकट जातात.

आता साचलेला थर कमी करण्याविषयी. रोज रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा. मग वज्री किंवा टाचा घासायचा दगड घेऊन हलक्या हाताने, एकाच दिशेने, थोडंसं घासा. एका बैठकीत सगळं काढायचा अट्टहास नको. पांढरा चुरा निघाला की थांबा. कातडी गुलाबी दिसू लागली किंवा हुळहुळली तर तुम्ही जास्त घासलं आहे. पाय पुसा, बेचक्या कोरड्या करा आणि कडक जागेवर युरिया असलेलं क्रीम लावा. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन मऊ करतो. २० ते २५ टक्क्यांचं क्रीम अशा जाड कातडीसाठी ठीक पडतं. बेचक्यांमध्ये मात्र क्रीम नको. असं सलग तीन-चार आठवडे केलं आणि पादत्राण बदललं, तर बरीच कुरुपं आणखी कशाचीही गरज न पडता बसतात.

कॉर्न कॅपला मी तुमच्यासाठी सरसकट नाही म्हणत नाही. पण ती साधी चिकटपट्टी नव्हे, हे बहुतेकांना माहीत नसतं. तिच्या मधल्या ठिपक्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं, बऱ्याच पट्ट्यांत ४० टक्के. ते केराटिन सैल करतं. कुरुपाचं केराटिन कोणतं आणि शेजारच्या निरोगी कातडीचं कोणतं, हे त्याला कळत नाही. ठिपका कुरुपापेक्षा मोठा असला किंवा चालताना पट्टी सरकली तर निरोगी कातडी सोलली जाते. म्हणून लावण्याआधी भोवतालच्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचं कडं काढा, ठिपका बरोबर कुरुपावर बसवा, आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढाच काळ ठेवा. काढल्यावर पांढरी पडलेली कातडी हलकेच घासून टाका. चिरलेल्या, सुजलेल्या, ओल्या जागी ती लावायची नाही आणि बेचकीत तर कधीच नाही. तिथल्या ओलाव्यात अॅसिड पसरतं. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबायचं, दुसरं पाकीट आणायचं नाही.

तज्ज्ञाकडे जाऊन कुरूप काढून घेणं हाही एक मार्ग आहे. ते निर्जंतुक स्कालपेलने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या धारदार सुरीने, वरचे थर उतरवतात आणि आतला खडा काढतात. थर मेलेला असल्यामुळे बहुधा भूल लागत नाही, आणि आत शिरताना लंगडणारा माणूस बाहेर पडताना सरळ चालतो. हे सुख खरं आहे, पण तेही कायमचं नाही. ब्रिटनमध्ये सुमारे २०० लोकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्या लोकांना ४० टक्के सॅलिसिलिक अॅसिडची पट्टी दिली आणि अर्ध्यांचं कुरूप नेहमीप्रमाणे स्कालपेलने काढलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर पट्टीच्या गटात साधारण एक तृतीयांश कुरुपं पूर्ण गेलेली होती आणि स्कालपेलच्या गटात साधारण एक पंचमांश. पट्टी सरस ठरली, हे खरं. मला मात्र उरलेल्या लोकांचा आकडा जास्त बोलका वाटतो. दोन्हीकडे निम्म्याहून अधिक कुरुपं तीन महिन्यांनी होतीच. तुमच्या दोन-तीन महिन्यांच्या अनुभवाशी ते किती जुळतं पाहा. तुमचं काही चुकलं नव्हतं, उपायाची मर्यादाच तेवढी आहे.

मग ऑपरेशन? आत्ता नको. नुसतं कुरूप कापून टाके घालायचे, असं ऑपरेशन तळव्यावर करून घेऊ नका. तिथे व्रण राहतो, व्रणाची कातडी कडक असते, आणि हाडाचा दाब तसाच असल्यामुळे त्या व्रणावरच पुन्हा कुरूप होतं. मग ते आधीपेक्षा जास्त दुखतं आणि त्यावर उपायही अवघड होतो. ऑपरेशनचा विचार हाडासाठी करायचा असतो. बोट हातोडीसारखं वाकून कायमचं ताठ झालं असेल, करंगळीचं हाड बाहेर आलं असेल आणि पादत्राण, पॅड, इनसोल (बुटाच्या आत तळाला घालायची गादी) असे सगळे उपाय काही महिने नीट करूनही चालणं कठीण होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायचं. तुम्ही अजून पादत्राणच बदललेलं नाही. तीन महिने ते करून पाहा. कुणी ‘मुळासकट काढून टाक’ म्हणालं तर त्यांना भोवऱ्याची आर समजावून सांगा.

आता आई.

बारा वर्षांचा मधुमेह, वय ७४, अंगठ्याच्या मागे चवड्यावर कडक थर आणि दुखत नाही. हे सगळं एकत्र वाचलं की पहिला प्रश्न असा पडतो की तिथे दुखण्यासारखं काही नाही, की दुखलेलं कळतच नाही? दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू निकामी होऊ शकतात. काहींना मुंग्या येतात, आग होते. काहींना काहीच होत नाही, फक्त जाणीव विझत जाते, आणि ती इतकी सावकाश विझते की त्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

तुम्हाला दुखतं म्हणून तुम्ही लंगडलात. लंगडून तुम्ही त्या जागेवरचं वजन काढून घेतलंत आणि जखम भरली. ज्याला जाणीव नाही तो लंगडत नाही. तो त्याच जागेवर, त्याच वजनाने, दिवसभर हजारो पावलं टाकत राहतो. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी ही गोष्ट जगाला समजावून दिली. ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांवर उपचार करू लागले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की वेदना हरवल्यामुळे रोजचा दाब आणि बारीकसारीक इजा पाय पोखरतात. म्हणून त्यांनी औषधाइतकंच पादत्राणावर काम केलं. पुढे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडलं. वेदना हा पायाचा पहारेकरी आहे. आईंच्या पायावरचा तो पहारेकरी जागा आहे का, हे आपल्याला आधी पाहायचं आहे.

ते तुम्ही घरीच पाहू शकता. आईंना पाय सरळ करून निजवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, अशा सहा बोटांच्या टोकांना एकामागून एक तुमच्या तर्जनीने अलगद स्पर्श करा. एक-दोन सेकंद, पिसासारखा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि कळलं नाही तर पुन्हा करायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी उजवा की डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून चालायचं. सगळीकडे कळलं तरी डॉक्टरांना दाखवायचं आहेच, फक्त घाई जरा कमी.

जाणीव नसलेल्या पायावरचा कडक थर हा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा वागतो. तो जितका जाड, तितका खालच्या मांसावर दाब अधिक. त्याच्या आड रक्तस्राव होतो, मग पोकळी होते, मग जखम. वरून मात्र साधा घट्टाच दिसतो. म्हणून दिवसाच्या उजेडात तो थर नीट पाहा. त्यात लालसर, निळसर किंवा काळपट डाग दिसला तर आत रक्त साचलं आहे असं समजा. डाग असेल, भेग असेल, ओल किंवा वास येत असेल, भोवती लाली, सूज किंवा ऊब असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ताप असेल किंवा पायावर लाल रेषा वर सरकताना दिसत असेल तर थेट रुग्णालय. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण दुखणारच नाही.

यात कॉर्न कॅपचं अॅसिड आलं की काय होईल, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्याने कातडी भाजली तरी आईंना कळणार नाही. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठाही अनेकदा कमी झालेला असतो, त्यामुळे तुम्हाला आठवड्यात भरणारी जखम त्यांना महिनोन्‌महिने भरत नाही. कापणं नको, अॅसिड नको, जळजळीत लेप नको आणि जोराने घासणंही नको. पायाच्या नाड्या मंद असलेल्या, पायाला कमी रक्त पोचणाऱ्या कोणालाही हेच लागू आहे. आईंचा थर काढायचाच आहे, तो ठेवून चालणार नाही, पण तो मधुमेही पाय पाहणाऱ्या तज्ज्ञाने काढायचा. ते संवेदना तपासतील, नाड्या पाहतील, थर उतरवून खाली जखम नाही ना याची खात्री करतील आणि दाब वाटून देणारं इनसोल किंवा पादत्राण सुचवतील. डागाशिवाय नुसता थर असेल तरीही हे येत्या आठवड्यात व्हावं.

त्यांची रोजची काळजी थोडी वेगळी. पाय भिजत ठेवायचे नाहीत, कोमट पाण्याने धुवायचे, आणि पाणी किती गरम आहे ते त्यांच्या पायाने नव्हे, तुमच्या हाताने तपासायचं. बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. तळव्यांना आणि टाचांना साधं क्रीम लावायचं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. चप्पल पायात सरकवण्यापूर्वी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा, कारण आत पडलेलं बटण किंवा खडा त्यांना दिवसभर जाणवणार नाही. आणि रोज रात्री कोणीतरी त्यांचे तळवे पाहायचे. या वयात वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, नजरही तेवढी राहिलेली नसते. त्यांना संकोच वाटेल, ‘पायाला हात नको लावूस’ म्हणतील. तरीही पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या स्वतःच्या बाबतीतही एक सांगायचं राहिलं. आईंना मधुमेह आहे आणि तुम्ही ४८ च्या आहात. गेल्या वर्षभरात रक्तातली साखर तपासली नसेल तर ती तपासा, आणि अहवाल हातात येईपर्यंत तुमच्याही कॉर्न कॅप बंदच ठेवा. तोवर कोमट पाणी, वज्री, क्रीम आणि कागदावरची ती रेषा एवढं पुरे आहे.

आज रात्री आईंच्या तळव्याचा उजेडात एक फोटो काढून ठेवा. तज्ज्ञांना दाखवायला उपयोगी पडेल आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहताना फरक ओळखता येईल. त्यांना कोणी तपासलं आणि थर काढल्यावर खाली काय दिसलं, ते मला जरूर कळवा. मी पत्राची वाट पाहते आहे.